घाटात न्यूट्रल

"बाबा, आई चालवत होती तवा ही गाडी एकदाबी बंद नाही पडली. आता काऊन पडून राह्यली?"

प्रश्न धम्मशीलेच्या तोंडचा, पण काडी करिष्माची. सहदेवभाऊच्या कोंबड्यांच्या शेडसमोर गाडी मान टाकून उभी होती. चौघी पोरी तिला रस्त्याच्या कडेला ढकलून घामाघूम झाल्या होत्या आणि करिष्मा धम्मशीलेच्या कानाशी लागली होती, "घरी गेल्यावर नको विचारू. आत्ता विचार, आमच्यासमोर. हिंमत असन तर." वामनराव मास्तरांच्या जुळ्या पोरींनी लगेच माना डोलावल्या. त्या दोघी कुठल्याही भानगडीत आधी मान डोलावतात आणि काय झालं ते मागून विचारतात.

वर्षभरापूर्वीची धम्मशीला असती तर ओढणीचं टोक चावत गप्प राहिली असती. दहावीपर्यंत हजेरी देताना तिचा आवाज पहिल्या बाकापर्यंत पोचत नसे. मग ती घाटावर, बुलढाण्याला अकरावीला गेली. तिथं वक्तृत्वाच्या दिवशी एक पोरगी आजारी पडली म्हणून मॅडमनी हिला उभं केलं, आणि ही जी सुरू झाली ती वेळ संपल्याची घंटा वाजली तरी थांबेना. तेव्हापासून तिला आपल्याच आवाजाची चटक लागली होती. पैज लावायला अशी मैत्रीण मिळाली तर करिष्मा कशाला सोडते?

तिचे वडील माणिकराव गाडीच्या तोंडाशी उभे होते. बॉनेट उघडून आत बघायचं, ही त्यांची डिझेलच्या दिवसांतली सवय. या बॅटरीच्या गाडीत आत बघण्यासारखं काही नाही हे माहीत असूनही ते दर वेळी बघायचे आणि दर वेळी तोंड वाकडं करायचे. आज त्यांनी बॉनेट जरा जास्तच जोरात आपटलं.

"काऊन म्हंजे? तुह्या मायनंच तर हिची बॅटरी बसवली. दोन महिने गाडी बाईच्या हाती दिली, दुसरं काय होईन?"

पोरींपैकी कुणी हसलं नाही. हसला तो तुळशीराम. त्याची सवाऱ्या भरणारी वडाप जीप मागून येऊन थांबली होती आणि तो खिडकीवर कोपर टेकून मजा बघत होता.

"काय माणिकभाऊ, मोबाईल डिस्चार्ज झाला काय?" तो या गाडीला मोबाईलच म्हणायचा. "चला व पोरीहो, बसा माह्या जीपीत. डिझेलची हाय, घरापोतर नेते. निस्ती आशा नाही लावत."

करिष्मा आणि जुळ्या दप्तरं उचलून जीपमध्ये चढल्या. धम्मशीला चढली नाही. तिच्या कानात 'तुह्या मायनंच' एवढंच वाजत होतं. पुढचा तासभर बापलेक शेडच्या ओट्यावर बसून राहिले. सहदेवभाऊनं वायर जोडून दिली होती. गाडी वीज पीत होती, कोंबड्या कलकलाट करत होत्या, आणि त्या वासात धम्मशीला बापाकडे पाठ फिरवून बसली होती. पाठ फिरवून बसणं हा तिच्या घरात भांडणाचा मोठा प्रकार. माणिकरावांनी खिशातून शेंगदाण्याची पुडी काढून तिच्या बाजूला सरकवली. तिनं ती सहदेवभाऊच्या कोंबड्यांना टाकली.

माणिकराव वीस वर्षं डिझेलची जीप चालवत होते. मोताळ्यापासून शेगाव, मलकापूर, बुलढाणा, जिथं सवारी तिथं जीप. ती जीप शेवटी शेवटी रस्त्यावर कमी आणि मिस्त्रीकडे जास्त असायची. आज क्लच प्लेट, उद्या इंजेक्टर, परवा रेडिएटर, आणि मध्ये मध्ये काळं झालेलं ऑइल. घरात पाहुणा आला की आई आधी विचारायची, जीप आली का मिस्त्रीकडून. मग कुणाचं तरी ऐकून त्यांनी बॅटरीवरची गाडी घेतली. बाईच्या नावावर घेतली तर बँकेचं व्याज जरा कमी पडतं, म्हणून कागदावर मालकीण धम्मशीलेची आई, चांगुणाबाई. चांगुणाबाईंकडे लायसन होतं. बचत गटाच्या बायांसोबत हौसेनं मोताळ्याच्या ड्रायव्हिंग क्लासला जाऊन काढलेलं, कपाटात साडीच्या घडीत ठेवलेलं. त्यावर धूळ बसत नव्हती इतकंच.

सुरुवातीला गाडी गुणाची निघाली. ना ऑइल, ना फिल्टर, ना बेल्ट. रात्री फोन लावल्यासारखी लावायची, सकाळी निघायचं. माणिकराव एकटेच चालवायचे, आणि तेव्हा फेऱ्या जवळच्याच असायच्या. जून सरता सरता पत्रे नीट करायला ते छपरावर चढले आणि पाय मोडून खाली आले. प्लास्टर लागलं. त्याच वेळी चार पोरींचं घाटावरचं कॉलेज सुरू झालेलं, त्यांच्या घरच्यांशी महिन्याचं बोलणं झालेलं. आता काय, असं म्हणत सगळे एकमेकांकडे बघत असताना चांगुणाबाईंनी साडीच्या घडीतून लायसन काढलं.

ते दोन महिने. धम्मशीलेला आठवले की आजही छाती भरून यायची. पुढच्या सीटवर कोण बसणार यावरून पोरींची रोज भांडणं. पोरींना कॉलेजात सोडून, दुपारी दवाखान्याची एखादी सवारी घाटाखाली नेऊन आणून आई बुलढाण्याच्या स्टँडवर एकटीनं चहा प्यायची. आयुष्यात पहिल्यांदा. "कोणाले विचारलं नाही, कोणाले सांगितलं नाही, एक कट सांगितला अन् पेली," असं तिनं सांगितलं तेव्हा पोरी खो खो हसल्या होत्या, आणि आई लाजली होती. संध्याकाळी पोरींना घेऊन राजूर घाट उतरायचा, मोताळा मागे टाकायचं, घरी. गाडी एकदाही थांबली नाही. घड्याळाच्या काट्यासारखी भरवशाची.

प्लास्टर निघालं, माणिकराव चाकामागे बसले. त्याच फेऱ्या, तेवढ्याच सवाऱ्या. आणि थोड्याच दिवसांत गाडी जी रडू लागली ती थांबेना. थांबायची ती पण कुठं? गावाच्या दोन किलोमीटर अलीकडं, सहदेवभाऊच्या शेडच्या आसपास. जणू तिला कोंबड्यांचा लळाच लागला होता. वरून ब्रेकचे पॅड लवकर झिजले. मिस्त्री म्हणाला, बॅटरीच्या गाड्या वजनदार, त्या ब्रेक खातातच. तुळशीराम म्हणाला, बॅटरी बसली, नवी टाकाची तर अर्ध्या गाडीचा खर्च. गावातल्या ओट्यांवर तर रोजच नवा इंजिनियर जन्माला यायचा. आणि सगळ्यांच्या बोलण्याच्या शेवटी तेच: बाईनं चालवली ना दोन महिने.

त्या संध्याकाळी आई चुलीपुढं बसून ज्वारीची भाकर थापत होती. धम्मशीलेनं दप्तर फेकलं.

"आई, बाबा सगळ्या पोरींसमोर म्हणाले का तू बॅटरी बसवली."

"मंग बसवली असन."

"बसवली असन?" तिचा आवाज चढला. "तू? तुह्या हातानं गाडी कधी बंद पडली?"

"हळू बोल व. भाकर करपते."

"भाकर बोलण्यानं करपत नसते."

आईनं भाकर तव्यावर पलटली. मग म्हणाली, "मले तर ते गाडी उतारावर लय आवडे. घाटात पाय उचलला का मागून कोणी पदर धरून राह्यलं अशी हळू होये. ब्रेकवर पाय ठेवाची पाळीच नाही ये. अन् खाली राजूरले आलो का पडद्यावरचा चार्जिंगचा आकडा वर सरके. माणसाच्या जिवाले वाटे, चढताना दिलं तेच वापस भेटून राह्यलं."

"वर सरके?"

"हाव. थोडाच. दोन-तीन. क्लासातल्या सरानं सांगितलं होतं ना, उतारावर गाडी कधीच न्यूट्रल टाकाची नाही. म्या नाही टाकली." एवढं बोलून तिनं घाईघाईनं पुढची भाकर थापायला घेतली, जणू तोंडातून जास्त निघून गेलं. मग म्हणाली, "येत्या रविवारी तुळशीरामभाऊ येऊन राह्यले. ही गाडी देऊन जीप घ्यायची म्हंतात बाबा. जीप काही मले झेपत नाही. संपली कटकट."

कटकट संपली, असं म्हणताना माणूस असं तव्याकडं बघतो का? धम्मशीला त्या रात्री जेवली, पण कशाशी जेवली ते तिला आठवेना.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कॉलेज सुटल्यावर ती पुढच्या सीटवर जाऊन बसली. बाबा चालवत असले की पुढची सीट दप्तरांची. चौघी मागं कोंबून बसायच्या. माणिकरावांनी दप्तरं मांडीवर घेतलेल्या पोरीकडं पाहिलं.

"काय झालं?"

"मागं जागा होत नाही."

"कालपर्यंत होत होती."

"काल म्या लहान होती," धम्मशीला म्हणाली. मागून करिष्माला ठसका लागला.

बुलढाणा मागं पडलं. घाटाचं तोंड आलं. खाली मोताळ्याकडची सपाटी, कापसाची पांढरी शेतं, आणि दूरवर धुरात गेलेली गावं दिसत होती. पण धम्मशीला बाहेर बघतच नव्हती. ती बापाच्या डाव्या हाताकडं बघत होती. पहिलं वळण आलं तसा तो हात सवयीनं खाली गेला, दोन सीटांच्या मध्ये असलेली गोल चकती त्यानं फिरवली, आणि समोरच्या पडद्यावर ड्राइव्हचा डी होता तिथं एन आला. गाडी मोकळी सुटली.

"हे काय केलं?"

"काय?"

"न्यूट्रल टाकली."

"घाटात टाकतेच ना. डिझेल वाचते."

मग मागून एक जुळी हळूच दुसरीला म्हणाली, "डिझेल?"

माणिकरावांची कानशिलं लाल झाली. "म्हंजे चार्जिंग. एकच हाय ते. उतार फुकटचा असते, फुकटात काऊन इंजिन चालवाचं? वीस वर्षं म्या हा घाट न्यूट्रलमधी उतरलो. अर्धा जिल्हा तसाच उतरते."

"हिले इंजिन नाही बाबा."

"मोटार तर हाय. एकच."

"एक नाही. आई डी मधीच उतरायची. उतारावर गाडी उलटी बॅटरी भरते. चाक मोटारीले फिरवते, मोटार वीज बनवते. फिजिक्समधी हाय आम्हाले."

"तुह्या फिजिक्सनं घाट नाही उतरत." त्यांनी ब्रेक दाबला. वळणावर जळक्या रबरासारखा वास आला, ब्रेक तापल्याचा. "अन् डी मधी ही उतारावर ओढ धरते. ब्रेक चिकटतात हिचे. म्या पहिल्या दिवशीच ओळखलं. चिकटलेला ब्रेक घेऊन कोण उतरन?"

"ते चिकटणं नाही. तेच तर चार्जिंग होय."

"तू नको शिकवू मले."

"दाखवा मंग. एक वळण."

रागात माणसं कधी कधी समोरच्याला चूक ठरवायला त्याचंच ऐकतात. माणिकरावांनी चकती फिरवली. "पाह्य. पाह्य कशी ओढते." गाडी खरोखर मंद झाली, आईच्या भाषेत, मागून पदर धरल्यासारखी. ब्रेकला पाय न लावता वळण निघालं. मग दुसरं. तिसऱ्या वळणाच्या आधी समोरच्या पडद्यावर अकराचे बारा टक्के झाले.

"काका," मागून करिष्मा म्हणाली, "वाढलं."

धम्मशीलेनं बापाकडं पाहिलं. बापानं पडदा पाहिला होता. त्यात शंकाच नव्हती. त्यांचे डोळे तिथंच होते, अकरावर आणि मग बारावर. त्यांचा पाय क्षणभर हवेतच राहिला. आणि मग त्यांनी चकती फिरवून परत एन केलं.

धम्मशीलेला वाटलं, आपण काही तरी चुकीचं पाहिलं. चुकीचं नव्हतं. उरलेला घाट त्यांनी न्यूट्रलमध्येच उतरला, ब्रेक तापवत, तो वास सगळ्यांच्या नाकात भरवत. मोताळा गेलं. कापसाच्या गाड्या गेल्या. शेडच्या अलीकडं, जिथं कोंबड्यांचा वास सुरू होतो तिथं, गाडीनं दोनदा टूं टूं केलं आणि थांबली.

दोन-तीन टक्क्यांनी काय होतं, असं कुणी म्हणेल. एका वेळी तीन-चार किलोमीटर. दिवसाला दोन वेळा घाट उतरायचा. आणि गाव शेडपासून दोन किलोमीटर.

ढकलताना आज कुणी पैज लावली नाही. तुळशीराम आला, तेच म्हणाला, तसाच हसला. माणिकराव त्याला म्हणाले, "बसली तुळशीराम हिची बॅटरी. बाईनं दोन महिने घासली ना." धम्मशीला तिथंच होती, गाडीला पाठ टेकून. कालपर्यंत तिचा बाप चुकत होता. चुकणाऱ्या बापाचा राग येतो, पण तो राग उद्यापर्यंत उतरतो. आता तो माहीत असून बोलत होता. हा राग कुठं ठेवायचा, तेच तिला समजेना. तिनं टायरला लाथ मारली. टायरला काही झालं नाही, तिचा अंगठा सुजला.

आणि रात्री आईकडून जे कळलं त्यानं तर आगीत रॉकेलच पडलं.

"तुले माहीत होतं? बाबा न्यूट्रल टाकतात ते?"

आई उशीचा अभ्रा शिवत होती. सुई थांबली. "हाव."

"कधीपासून?"

"पहिल्याच दिवशी. प्लास्टर काढल्यावर म्या मागं बसली होती ना, तवाच पाहिलं. म्या म्हटलं त्याइले, अहो, उतारावर राहू द्या ना तशीच. त्याइनं काय म्हटलं माहीत हाय? दोन महिने काय चालवली, आता मले शिकवशीन. मंग म्या नाही बोलली."

"अन् सारं गाव तुले नावं ठेवते तवाबी नाही बोलली?"

"अव, गावाच्या बोलण्यानं माह्या अंगाले भोक पडते काय? त्याइचा पाय मोडला होता, दोन महिने बाजीवर पडून लोकायचं आयकलं. बरे झाल्यावर स्टँडवर पोट्टे म्हणत, माणिकराव, वैनीलेच पाठवा, वैनी वेळेवर येते. माणसाले लागते ते. त्याइचंबी वीस वर्षाचं नाव हाय."

"अन् तुहं?"

आईनं दात लावून दोरा तोडला. धम्मशीलेला वाटलं, आता रडू येईल. आलं नाही. रडू येण्याच्या जागी तिच्या डोक्यात एक गोष्ट एकदम लख्ख झाली. जीप कशासाठी येणार होती ते. बॅटरीसाठी नाही, टक्क्यांसाठी नाही, मिस्त्रीसाठी तर नाहीच. मिस्त्री तर जीप आली की दिवाळीच करेल. जीप येणार होती कारण जीप आईला झेपत नाही. जीपच्या चाकामागं एकच माणूस बसू शकतो. आणि त्यासाठी आईच्या नावावरची गाडी जाणार होती, आईच्याच नावानं खापर फोडून.

आणि आई त्यावर सही करणार होती. आपल्या हातानं.

रविवारी सकाळी तुळशीराम आला तो दोन गोष्टी घेऊन: आपल्या चुलतभावाची जीप, आणि बोलायचा मोठा उत्साह. जीप अंगणात उभी केली तेव्हा तिचा काळा धूर थेट वाळत घातलेल्या कपड्यांवर गेला. तो गाडीभोवती फिरला, टायर दाबले, दारं उघडून बंद केली आणि चेहरा पाडून ओट्यावर बसला. धम्मशीलेला ते तंत्र कळत होतं. बाजारात बैल घेणारा असाच चेहरा पाडतो.

"माणिकभाऊ, आता काय सांगू. वरून चांगली दिसते. पण बॅटरी गेलेली गाडी म्हंजे सिम नसलेला मोबाईल. माहा चुलतभाऊ म्हंते वरून तुमाले थोडं द्या लागन. जीपीचं तसं नाही. जीप बिघडली तर कोण्याबी झाडाखाली दुरुस्त होते."

"म्हणूनच कोण्याबी झाडाखाली उभी दिसते," धम्मशीला दारातून म्हणाली.

"पोट्टी लय बोलते व वैनी."

"आत जाय," माणिकराव म्हणाले.

आई चहा घेऊन आली. कप ठेवताना तिनं गाडीकडं पाहिलं नाही. तुळशीराम मायेनं म्हणाला, "वैनी, तुमची काही चूक नाही. बायायचा हात भारी पडते मशीनवर. सही तेवढी तुमची लागन, कागद तुमच्या नावचे हायेत."

"हाव," माणिकराव म्हणाले. चहाचा घोट घेतला. "हिनं दोन महिने चालवली, तवापासून गेली ती. त्याआधी चांगलीच होती."

बारा टक्के पाहिलेला माणूस हे बोलत होता. त्याच तोंडानं. धम्मशीलेला माहीत होतं की आता तोंड उघडलं तर जे निघेल ते फक्त ओरडणं असेल. ओरडणाऱ्या पोरीला 'आत जाय' म्हणायला घरात कुणालाच वेळ लागत नाही. वक्तृत्वाच्या मॅडमनी एक शिकवलं होतं: जिंकायचं असेल तर ऐकणारे आधी बघ. या ओट्यावर ऐकणारे तीन होते आणि तिघंही ठरवून बहिरे.

तिनं चप्पल घातली.

"कुठी चालली?" आई म्हणाली.

"येते."

करिष्माचं घर गल्लीच्या टोकाला. तिथं तिनं दम न खाता सगळं सांगितलं. करिष्माची आई कापसाच्या बोंडांची पोती शिवता शिवता ऐकत होती. तिनं एकच विचारलं, "घाटात ब्रेकचा वास येते म्हंते तू?" करिष्मानं नाक दाबून दाखवलं. "मंग त्या गाडीत माह्या पोरीले बसवून म्या जेवू कशी? अन् जीप आली तरी तो न्यूट्रलच टाकन ना. सवय तर त्याच माणसाची हाय. तुही माय चालवन तर बसन माही पोरगी, नाही तर एस्टीनं जाईन." धम्मशीलेला वाटलं, जे आपल्याला फिजिक्सनं कळलं ते हिला पोती शिवताना कसं कळलं. बहुतेक पोरगी त्या गाडीत असते म्हणून.

वामनराव मास्तर पेपर वाचत होते. ते म्हणाले, मोठ्या माणसांच्या व्यवहारात आपण पडू नये. जुळ्यांनी माना डोलावल्या. मग एक जुळी म्हणाली, "पण बाबा, अकराचे बारा झाले. आम्ही पाहिलं. अन् काकांनीबी पाहिलं." दुसरी म्हणाली, "मंग परत न्यूट्रल टाकली." मास्तरांनी पेपर खाली ठेवला. मोठ्या माणसांच्या व्यवहारात कुणी पडू नये हे खरं, पण पोरी राजूर घाटातही पडू नयेत, असं काही तरी त्यांच्या मनात आलं असावं. ते चष्मा पुसत म्हणाले, "चांगुणाबाईनं दोन महिने पोरी नेल्या. आम्हाला कधी घड्याळ पाहावं लागलं नाही. पोरी त्यांच्याच गाडीत बसतील."

धम्मशीला घरी परतली तेव्हा चहाचे कप रिकामे होते. कागद ओट्यावर पसरलेले, आईच्या हातात तुळशीरामचा पेन. आई नाव लिहायची जागा शोधत होती. तुळशीराम बोट ठेवून दाखवत होता. माणिकराव जीपच्या स्टिअरिंगमागं बसून क्लच दाबून बघत होते, बऱ्याच दिवसांनी घरी आल्यासारखे.

तिच्या मागोमाग करिष्मा आणि जुळ्या अंगणाच्या फाटकापर्यंत आल्या आणि तिथंच थांबल्या. आत यायची त्यांची हिंमत नव्हती. पण निघून जायचीही इच्छा नव्हती.

"आई, थांब जराशी," धम्मशीला म्हणाली. आवाज मोठा नव्हता. तिलाच त्याचं नवल वाटलं. "बाबा, तुमीबी खाली उतरा. दोघाइले सांगायचं हाय."

"मागून सांग," माणिकराव म्हणाले.

"मागून नाही जमत. पेन आईच्या हातात हाय."

ते उतरले. कदाचित फाटकातल्या पोरी पाहून उतरले. लंगडतच ओट्यापाशी आले. त्यांच्या चेहऱ्यावर चढलेला राग होता आणि त्याच्या खाली, बारकाईनं पाहिलं तर, घाटातल्या त्या तिसऱ्या वळणावरचा चेहरा.

"म्या करिष्माच्या घरी जाऊन आली. मास्तरांकडंबी गेली. अकराचे बारा झाले ते तुमी पाहिलं, बाबा, अन् तरी परत न्यूट्रल टाकली, हे सांगितलं. गाडी आईनं नाही बिघडवली हेबी सांगितलं. गाडी बिघडलीच नाही हेबी." माणिकरावांनी तोंड उघडलं. ती थांबली नाही. "गाडीचं काय कराचं ते आई ठरवन, तिच्या नावची हाय. जीप घ्याची तर घ्या. पण आम्ही चौघीनं ठरवलं, अन् त्याइच्या घरचे हो म्हणाले. सोमवारपासून आई चालवन त्याच गाडीत आम्ही बसू. आई नसन चालवत तर एस्टीनं जाऊ. तुमच्या जीपीत, बाबा, आमच्यापैकी एकबी पाय ठेवणार नाही. म्याबी नाही."